नेट गेलं तरी पुस्तकांची नोंद चालू ठेवा

मेळघाटातल्या वाचनालयात देवघेवीची नोंद गूगल शीटवर ठेवली, की रेंज गेली आणि काम अडलं. रेंज असतानाच ही सोय करून ठेवा.

१. मोबाईलच्या शीट्स ॲपमध्ये फाईलशेजारचे तीन ठिपके दाबून 'ऑफलाइन उपलब्ध करा' निवडा.

२. संगणकावर क्रोम किंवा एजमध्ये ड्राइव्हच्या सेटिंग्जमधून ऑफलाइन सुरू करा. इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी विंडोत) हे चालत नाही.

३. दाखल क्रमांकाचा (प्रत्येक पुस्तकाला वाचनालय देतं त्या क्रमांकाचा) रकाना आधीच 'प्लेन टेक्स्ट' करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. हे बहुतेक जण विसरतात.

रेंज आली की नोंदी आपोआप चढतात. तोवर ॲप काढू नका. ऑफलाइन असताना एकाच ओळीत दोघांनी लिहू नये, एकाची नोंद पुसली जाऊ शकते. वाचकांनाही वापरायला दिलेल्या संगणकावर मात्र ऑफलाइन नकोच.