दूध सोडलंय तरी त्रास थांबेना? डेअरी-फ्री खाताना या चुका टाळा

सांगलीकडं राहून दूध सोडायचं म्हणजे अवघडच. भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी, वर साताऱ्याचे कंदी पेढे, नरसोबाच्या वाडीला गेलं की बासुंदी, आणि गावाकडं अजून कितीतरी घरांच्या दारात म्हैस. आमच्या भाचीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळं हा विषय माझ्या रोजच्या स्वयंपाकातला आहे. एक गोष्ट मला ठाम कळलीय, दुधाचा ग्लास समोर आला तर कुणीच चुकत नाही, चूक होते ती जिथं दूध दिसत नाही तिथं.

सगळ्यात मोठी चूक: नेमकं काय झालंय ते न कळताच पथ्य सुरू करणं

"दूध सोसत नाही" एवढ्यावर भागत नाही, कारण त्यात दोन वेगळे आजार येतात. लॅक्टोज इनटॉलरन्समध्ये दुधातली साखर पचत नाही, ती पचवणारं लॅक्टेज लहान आतड्यात कमी पडतं, मग ती साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिला आंबवतात आणि पोट फुगतं, गॅस होतो, जुलाब लागतात. त्रास खरा आहे पण जिवावरचा नाही. यातल्या बऱ्याच जणांना कपभर दूध, म्हणजे साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, जेवणाबरोबर चालून जातं, दही-ताकही चालतं कारण विरजणातले जिवाणू थोडी साखर आधीच संपवतात. जोराचे जुलाब होऊन गेल्यावर काही आठवडे तात्पुरतं असं होतं, विशेषतः लहान पोरांना, ते नंतर आपोआप बरंही होतं.

अ‍ॅलर्जीचं तसं नाही. तिथं शरीर दुधातल्या प्रोटीनवर, म्हणजे केसिन आणि व्हे यांच्यावर, चाल करून जातं. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, धाप लागणं. श्वास अडकायला लागला, आवाज बसला, पोर एकदम मलूल पडलं तर वाट बघायची नाही, घरगुती उपाय करत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. इथं चमचाभरही जास्त होतं.

हा फरक कळला नाही की पुढचं सगळं चुकतं. म्हणजे बघा, तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच, त्यामुळं इनटॉलरन्सवाल्याला वरणभातावर तूप बहुतेक चालतं, पण अ‍ॅलर्जीवाल्याला नाही कारण कितीही चांगलं कढवलं तरी प्रोटीनचा अंश राहू शकतो. उलट दुकानात मिळणारं लॅक्टोज-फ्री दूध, त्यात साखर फोडलेली असते पण प्रोटीन सगळं तसंच, ते अ‍ॅलर्जीच्या पोराला द्यायचंच नाही. "शेळीचं देऊन बघा की, हलकं असतंय" हे प्रत्येक आज्जी सांगते आणि मायेनंच सांगते, पण शेळीच्या दुधातली प्रोटीनं गाईच्या दुधासारखीच असतात, गाईचं न चालणाऱ्या बहुतेकांना शेळीचंही चालत नाही. म्हशीचं, देशी गाईचं, ए-टू दूध, सगळ्यांची तीच गत.

हिरवा ठिपका बघून निश्चिंत होणं

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडं दूध शाकाहारात येतं. तो बघून काहीच कळत नाही. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचायची. मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे पावडर, केसिन, सोडियम केसिनेट, बटर ऑइल, मिल्क फॅट, खवा, चीज पावडर, यातलं काहीही दिसलं की ते दूधच. लॅक्टोज लिहिलं असेल तर तेही दुधातूनच काढलेलं. यादी बारीक अक्षरात असते, पण तिच्याजवळच अ‍ॅलर्जीची माहिती वेगळी द्यायची असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे, तिथं "कंटेन्स मिल्क" आहे का ते आधी बघा, वेळ वाचतो. चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्यावर पान असा व्हीगन लोगो असेल तर दूध घटक म्हणून घातलेलं नाही, पण त्याच मशीनवर दुधाचा माल निघत असेल तर अंश येऊ शकतो, म्हणून "मे कंटेन मिल्क" असलेलं अ‍ॅलर्जीवाल्यानं घेऊ नये.

आणि उगाच घाबरूनही सगळं टाकू नका. कोको बटर, पीनट बटर, नारळाचं दूध यात दूध नसतं, फक्त नावं तशी. लॅक्टिक अ‍ॅसिड बहुतेक वेळा साखर आंबवून केलेलं असतं, तेही चालतं.

मसाला चिप्स, सूपची पाकिटं, पोरांच्या हेल्थ ड्रिंकची पावडर, ग्लुकोज बिस्किटं, डार्क चॉकलेट, मार्गरिन यात बऱ्याचदा दूध सापडतं. आपलं भडंग मात्र तेल-लसूण-शेंगदाण्याचं, त्याची मला फार मदत झाली, तरी सुटं घेताना एकदा विचाराच.

एगलेस म्हणजे डेअरी-फ्री नव्हे

हे मुद्दाम वेगळं लिहितेय कारण वाढदिवसाला दरवेळी हाच घोळ होतो. बेकरीत "काही नाही ओ, एगलेस आहे" म्हणून केक देतात, पण अंडं काढलं की त्याच्या जागी बहुतेक कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही येतं, म्हणजे दूध उलट वाढतं. वरचं पांढरं क्रीम वनस्पती तेलाचं असलं आणि डब्यावर नॉन-डेअरी लिहिलेलं असलं तरी त्यात सोडियम केसिनेट असू शकतं. नानकटाई, खारी, टोस्ट, पाव यांचं प्रत्येक बेकरीचं वेगळं. एकच बेकरी धरा, मालकांशी ओळख करा, कशात काय घालता ते नीट विचारून घ्या.

पंगत, ढाबा आणि प्रसाद

लग्नात वाढपी तुपाची बुधली घेऊन येतो आणि नको म्हणायच्या आत वरणावर धार पडलेली असते. त्यामुळं आधीच आचाऱ्याला गाठायचं. जिलेबीच्या पिठात दही असतं, मसालेभातावर तूप सोडतात, पुऱ्यांच्या कणकेत कधी दूध घालतात, आणि चिकन-मटणाला दही लावून ठेवलेलं असतं ते तर कुणाच्या लक्षातच येत नाही. ढाब्यावर अख्खा मसूर मागवला तर "बटर, मलई नको, फोडणी तेलाची" असं ऑर्डर देतानाच सांगा, रोटीला बटर लावू नका म्हणा, नान तर नकोच कारण त्याच्या पिठातच दही-दूध. डोसा मागवताना तव्यावर बटर फिरवू नका हेही सांगायचं. भाकरी, खर्डा, झुणका, आमटी, हे आपलं मूळचं जेवण बिनदुधाचंच आहे, याचा मला खरंच आधार वाटतो.

"एवढ्याशा पेढ्यानं काय होतंय" म्हणणाऱ्या काकूंवर चिडू नका. त्यांना अ‍ॅलर्जी शब्दापेक्षा "काकू, हिला दुधानं श्वास अडकतो" हे लगेच कळतं. पंचामृताला हात जोडायचे आणि फूल-खडीसाखर मागून घ्यायची. आमच्याकडं सत्यनारायणाला भाचीसाठी खोबरेल तेलात, पाण्यावर शिरा वेगळ्या कढईत करतो, वेगळ्या चमच्यानं वाढतो. चमचा एकच असेल तर सगळी मेहनत वाया.

पर्याय बिघडतात तेव्हा

सोयाबीनचं दूध चहात फाटतं कारण चहा आंबटसर आणि कडक गरम असतो, गुळाचा असेल तर आणखीच. चहा वेगळा उकळून गाळा, जरा निवू द्या, मग गरम केलेल्या दुधात तो हळू ओता. नारळाचं दूध मोठ्या आचेवर उकळलं तरी फुटतं, शेवटी घालून मंद आचेवर ठेवा. शेंगदाण्याचं दही छान लागतं, दाणे रात्रभर भिजवून सालं काढून वाटायचे, गाळून उकळायचं, कोमट झालं की विरजायचं. पण इथंच लोक फसतात, शेजारच्या वहिनींकडून नेहमीचं विरजण आणतात आणि त्यातूनच दूध परत घरात येतं. हिरव्या मिरचीचे देठ टाकून लावा, पहिलं दही पातळ होतं, त्याचंच विरजण पुढच्याला वापरा. शेंगदाणा किंवा सोयाचीही अ‍ॅलर्जी असेल तर अर्थात हे दोन्ही नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा फॉर्म्युला दुधाऐवजी असली दुधं द्यायची नाहीत, कुठलं द्यायचं ते बालरोगतज्ज्ञच सांगतील.

दूध काढलं, त्या जागी काहीच नाही ठेवलं

मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगतं. १०० मिली गाईच्या दुधात १२० च्या आसपास असतं, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. एका भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ धरा, म्हणजे एका भाकरीत दोनशेच्या जवळ. वर तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी, काट्यासकट खायची बारकी मासळी. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम अंगी फार कमी लागतं. शाकाहारी माणसानं बी-१२ तपासून घ्यावं, कारण दूध गेलं की त्याचा मोठा आधार जातो, मग डॉक्टरांना विचारून गोळी लागते.

सगळं पाळूनही त्रास होतोय तर

औषधांकडं बघा. कितीतरी गोळ्यांत भर म्हणून लॅक्टोज असतं, होमिओपॅथीच्या काही गोळ्याही त्याच्याच असतात, प्रोबायोटिक कॅप्सूलमध्ये आणि दम्याच्या काही पावडरच्या इनहेलरमध्ये दुधाचा अंश असू शकतो. स्वतःच्या मनानं औषध बंद मात्र करायचं नाही, डॉक्टरांना अ‍ॅलर्जी सांगून बदलून घ्यायचं. आठवडाभर काय खाल्लं आणि कधी त्रास झाला ते वहीत लिहून न्या, त्यांना शोधायला सोपं जातं.

बऱ्याच पोरांची ही अ‍ॅलर्जी मोठं होताना जाते, त्यामुळं अधूनमधून तपासणी करून घ्या. पण "बघू या गेली का" म्हणून घरी दुधाचा चमचा देऊन बघायचा नाही, ती चाचणी दवाखान्यात, डॉक्टरांच्या समोरच करायची.