दोन बाहेरून आलेल्या समाजांची तुलना करताय? सर्वेक्षणातल्या या चुका टाळा

सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठेही लाकडाच्या वखारीत जा, गल्ल्यावर बहुधा कच्छी पटेल दिसेल. तेच लाकूड जिथे लागणार त्या बांधकामाचा पाया खोदणारा आणि दगड घडवणारा बऱ्याचदा वडर असतो. एकाचे आजोबा-पणजोबा कच्छहून आले, दुसऱ्याचे तेलंगण-आंध्र-कर्नाटकाच्या बाजूने. आज दोघांची नातवंडं मराठीत भांडतात आणि मराठीतच पेपर लिहितात. अशा दोन समाजांची सामाजिक-आर्थिक तुलना हा पदव्युत्तर प्रकल्पाला चांगला विषय आहे. मात्र पहिली प्रश्नावली छापायच्या आधीच उत्तर ठरलेलं असलं, की पुढचं सगळं त्या उत्तराला टेकू देण्यात जातं. हे काम नेमकं कुठे फसतं ते पाहू. उदाहरणाला हीच जोडी घेतली आहे. हळदीचे मारवाडी-गुजराती व्यापारी किंवा दुसरा कुठला समाज घेतलात तरी खड्डे तेच.

जनगणनेच्या आकड्यावरून समाज मोजणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. जनगणनेत स्थलांतरित कोण, हे जन्मठिकाणावरून आणि मागच्या राहत्या ठिकाणावरून ठरतं. सांगलीच्या दवाखान्यात जन्मलेला आणि सांगलीतच राहिलेला तिसऱ्या पिढीचा पटेल त्या तक्त्यात येतच नाही. उलट लग्न होऊन विजापूरहून मिरजेला आलेली सून स्थलांतरित म्हणून मोजली जाते. तुम्हाला हवेत वंशज, तक्ता देतो प्रवासी.

मग लोक मातृभाषेच्या तक्त्याकडे वळतात. तिथेही वरची ओळ फसवते. जनगणनेत मारवाडी हिंदीच्या गटात मिळवलेली असते, कच्छी सिंधीच्या आणि वडरी तेलुगूच्या. ‘हिंदी भाषक’ म्हणून जो जिल्ह्याचा आकडा उचललात, त्यात मारवाडी दुकानदार आहे आणि परवा फरशी बसवायला आलेला उत्तर प्रदेशचा कारागीरही. गटाखालची मातृभाषेची स्वतंत्र ओळच घ्या. तीही कमीच भरणार हे धरून चला. घरात कच्छी वळणाची गुजराती बोलणारा एक जण गुजराती नोंदवतो, दुसरा कच्छी, आणि शाळेत मराठी शिकलेला त्यांचा पोरगा सरळ मराठी सांगून मोकळा होतो.

धर्माच्या आकड्याचा घोळ तर खास आपल्या भागातला. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले बहुसंख्य जैन हे इथल्याच मातीतले शेतकरी, चतुर्थ-पंचम या जैन जातींतले, मराठी किंवा कानडी बोलणारे. दक्षिण भारत जैन सभा १८९९ पासून त्यांच्यात काम करते आहे. मिरज तालुक्याचा जैन आकडा उचलून ‘मारवाडी-गुजराती लोकसंख्या’ म्हणून लावलात, तर ऊस पिकवणारं अख्खं गाव तुम्ही एका फटक्यात व्यापारी करून टाकता. पुण्या-मुंबईकडच्या मार्गदर्शकालाही हे चटकन लक्षात येत नाही.

अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर २०११ च्या जनगणनेत जातवार आकडे नाहीत. म्हणजे समाजाची एकूण संख्या तुम्हाला तयार मिळणार नाही, आणि ती मिळाल्यासारखं लिहायचंही नाही. आधी व्याख्या ठरवा: ‘ज्या घरातल्या कर्त्याचे वडील किंवा आजोबा महाराष्ट्राबाहेरून येऊन सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत स्थायिक झाले ते घर’. आंतरजातीय लग्नाचं घर कुठे धरणार, तेही आधीच लिहून ठेवा.

यादी कुठून आणली?

कच्छी पटेलांची यादी सहज मिळते. समाजाचं वस्तीपत्रक असतं, त्यात घर, धंदा, गाव, फोन, सगळं. वडरांचं असं पुस्तक सहसा नसतं, म्हणून विद्यार्थी एखाद्या कार्यकर्त्याला गाठतो आणि तो दाखवेल त्या वस्तीत जातो. झालं, तुलना तिथेच बिघडली. एकीकडे वर्गणी भरणारी, पत्त्यावर सापडणारी घरं. दुसरीकडे वस्तीतच राहिलेली घरं. वस्ती सोडून विश्रामबागेत फ्लॅट घेतलेला वडर अभियंता तुमच्या नमुन्यात नाही, आणि दुसऱ्याच्या वखारीत करवतीवर उभा राहणारा, वर्गणी थकलेला पटेलही नाही. दोन समाजांतलं अंतर जेवढं आहे त्याहून मोठं दिसतं, आणि ते तुमच्या यादीनेच वाढवलेलं असतं.

उपाय कष्टाचा आहे, पण आहे. दोन्हीकडे तीन-तीन दारांतून शिरा: समाजाची यादी किंवा कार्यकर्ता, शाळा-कॉलेजातली मुलं, आणि कामाची जागा. प्रत्येक दारातून वीस घरं, म्हणजे समाजामागे साठ. वखारीत मालकाइतकाच करवतीवरचा माणूस विचारा. मार्केट यार्डात काम करत असाल तर अडत्याबरोबर दिवाणजीही घ्या. सकाळी अकराला दुकानात गेलात तर पुरुषच भेटणार, तेव्हा निम्म्या मुलाखती घरी आणि संध्याकाळी ठेवा.

आडनावावरून मतदारयादी चाळण्याचा मोह टाळा. शहा गुजराती जैनही असतो आणि मुसलमानही. पटेलांचंही तेच. जाधव-पवार तर किती समाजांत आहेत याला मोजदाद नाही. शिवाय वडर म्हणजे एकच गट नव्हे. गाडीवडर, मातीवडर, जातेवडर यांची कामं वेगळी होती आणि त्यातून पुढच्या वाटाही वेगळ्या फुटल्या. पोटगटाचा रकाना हवाच.

महिन्याचं उत्पन्न विचारणं

‘गेल्या महिन्यात किती कमावलं?’ हा प्रश्न नोकरदाराला ठीक. खोदाई आणि खडीचं काम पावसाळ्यात मंदावतं, त्यामुळे जुलैत विचारलंत तर वडर कुटुंब खऱ्याहून गरीब दिसेल. हळदीच्या व्यापाऱ्याला एप्रिलमध्ये, सौदे जोरात असताना विचारलंत तर तो खऱ्याहून श्रीमंत दिसेल. वर्षाचे चार तुकडे पाडा: दिवाळीच्या आसपास, फेब्रुवारी-मार्च, मे-जून, ऑगस्ट. प्रत्येक वेळी कामाचे दिवस आणि हातात आलेले पैसे वेगळे विचारा.

मातीकामाचे पैसे ब्रासवर ठरतात, आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खणणारा नवरा आणि पाट्या उचलणारी बायको अशी जोडी मिळून ते काम उरकते, पण पैसे सांगतो नवरा. तुम्ही ते एकट्याची कमाई म्हणून लिहिता आणि बाईच्या रकान्यात ‘गृहिणी’. दुसऱ्या बाजूला वखारीचा परवाना बायकोच्या नावावर असतो, म्हणून ती कागदावर उद्योजक ठरते. दोन्ही नोंदी चूक. ‘गेल्या वर्षात प्रत्यक्ष काम कुणी, किती दिवस केलं’ असा रकाना घातला की दोन्ही सुटतात.

व्यापारी उत्पन्न सांगत नाही आणि मजूर मदत मिळेल या आशेने कमी सांगतो. म्हणून खर्च आणि वस्तूंवरून अंदाज घ्या: खोल्या किती, मुलांची वर्षाची फी किती, गाडी कोणती, दवाखान्याचं मोठं बिल आलं तेव्हा पैसे कुठून उभे केले. शेवटचा प्रश्न सोन्यासारखा. सांगलीत आणखी एक विचारा: २००५ आणि २०१९ च्या पुरात काय गेलं, आणि विमा होता का. वखारीतलं लाकूड वाहून गेलेलं घर आणि न गेलेलं घर एका सरासरीत घालू नका.

हिशोबातल्या दोन चुका पटकन सांगून टाकतो. समजा एका एकत्र कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न १,२०,००० रुपये आहे आणि माणसं नऊ. माणशी पडले १३,३३३. दुसऱ्या घरात ४५,००० आणि माणसं तीन, माणशी १५,०००. घराचं घराशी ताडलंत तर पहिलं पुढे, माणशी पाहिलं तर दुसरं. आता समजा दहा घरांपैकी नऊ ३०,००० ची आणि एक ८,००,००० चं. सरासरी निघते १,०७,०००, जी त्यातल्या एकाही घराची नाही. क्रमाने लावून मधला आकडा घ्या: ३०,०००. व्यापारी समाजात असं एखादं मोठं घर असतंच, आणि ‘अख्खा समाज श्रीमंत’ ही समजूत त्या एका घरावर उभी असते.

तयार मापनश्रेणी डोळे झाकून लावणं

शहरी सर्वेक्षणात कुप्पुस्वामी मापनश्रेणी सर्रास वापरतात. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचं उत्पन्न यांना मिळून कमाल २९ गुण. आता जुन्या मांडणीने वखारवाल्याचे गुण करून पाहा. दहावी पास, शिक्षणाचे ४. दुकानदार, व्यवसायाचे ५. उत्पन्नाला सर्वात वरचे १२ दिले तरी बेरीज २१, म्हणजे ‘उच्च मध्यम’. त्याने आणखी चार वखारी टाकल्या तरी २१ च. पानटपरीवाल्यालाही व्यवसायाचे तेच ५. त्याच कॉलनीतला प्राध्यापक शिक्षणाचे ७, व्यवसायाचे १० आणि वर उत्पन्नाचे गुण घेऊन २६ च्या पुढे, ‘उच्च’ वर्गात सहज बसतो. व्यापारी समाज या फुटपट्टीवर एका उंचीला अडकतो, तो अडकला असल्यामुळे नव्हे, फुटपट्टी तिथे संपते म्हणून. शिवाय गुण कुटुंबप्रमुखाचे. पाचवी शिकलेल्या गवंड्याची मुलगी सीए झाली तरी तिचं शिक्षण मोजलं जात नाही.

नव्या मांडणीत व्यवसायाचे गट आणि गुण बदललेले आहेत, आणि उत्पन्नाच्या पायऱ्या महागाईप्रमाणे वेळोवेळी बदलतात. कोणती आवृत्ती आणि कोणत्या वर्षाच्या पायऱ्या वापरल्या, ते लिहा. दोन समाजांना दोन आवृत्त्या लावल्या असतील तर तक्ता फाडून टाका.

ग्रामीण भागासाठी पारीक यांची श्रेणी वापरणारे आणखी अडचणीत येतात. तिच्या नऊ घटकांत जात हाही एक घटक आहे. दोन जातींची प्रगती मोजायला निघालात आणि गुण देताना जातीचेच दिलेत, तर निकाल आधीच लागला. तो घटक काढा, आणि काढल्याचं नमूद करा.

शिक्षण वयोगट पाडूनच ताडा. २५ ते ३४ वेगळे, ५५ च्या वरचे वेगळे, स्त्री-पुरुष वेगळे. आणि प्रत्येक घरात आजोबा, वडील, आताचा कर्ता अशा तीन रांगा ठेवा. आजची उंची आणि चढलेली पायरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इथलं घर पाहून माणूस जोखणं

खानापूर, आटपाडी, तासगाव किंवा माण-खटावच्या वाचकाला हे सांगायला नको. आपल्याकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला तमिळनाडू-केरळात गेले. तिकडे दुकानाच्या वरच्या खोलीत संसार, आणि विट्याच्या बाजूला बंगला, विहीर, जमीन. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने दुकानावरची खोली पाहून ‘मराठी स्थलांतरित: निम्न आर्थिक स्तर’ असं लिहिलं तर आपल्याला हसू येईल. मग कच्छच्या किंवा मारवाडच्या माणसाचं मूळ गावी काय आहे, हे न विचारता तुम्ही तेच करताय. ‘गावी घर, जमीन आहे का? गेल्या वर्षी किती पैसे तिकडे गेले, किती तिकडून आले?’ दोन ओळींचा प्रश्न आहे, विचारा.

सामाजिक स्थान मोजताना समाजभवन आणि बोर्डिंग पाहून भुलू नका. पैशाने भवन उभं राहतं. नगरसेवक कोण झाला, पतसंस्थेच्या संचालक मंडळात कोण आहे, घर भाड्याने मागताना नकार आला का, शेजारच्या लग्नात पंगतीला बोलावणं येतं का, हे वेगळं विचारावं लागतं. भवन असलेला समाज इथे मागे आणि नसलेला पुढे, असंही निघू शकतं.

प्रश्नांचा क्रम

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा पहिला प्रश्न ठेवला की तीन पिढ्या सांगलीत काढलेला माणूस आखडतो, आणि पुढची सगळी उत्तरं तोलूनमापून येतात. आधी मुलांची शाळा, मग काम, मग घर, मग वडील-आजोबा, आणि मूळ गाव शेवटी. ‘परप्रांतीय’, ‘उपरे’, ‘मागासलेले’ हे शब्द छापील कागदावर नकोत. भाषेसाठी ‘मातृभाषा कोणती’ यापेक्षा ‘आजीशी घरात कुठल्या भाषेत बोलता’ हे खरं उत्तर काढतं. दोन्ही समाजांत मिळून आठ-दहा घरांवर प्रश्नावली चालवून बघितल्याशिवाय छपाईला देऊ नका.

आणि साठ-साठ घरांवर फार मोठं बोलू नका. साठ घरांच्या टक्केवारीत साधारण १३ टक्क्यांची इकडेतिकडे शक्यता असते. दोन गटांतल्या फरकाला ती १८ पर्यंत जाते. एकीकडे ५५ टक्के पदवीधर आणि दुसरीकडे ६५ निघाले, तर ‘फरक दिसत नाही’ असंच लिहायचं.

‘स्वभाव’ हे कारण देणं

प्रकल्पाच्या शेवटच्या प्रकरणात हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘अमुक समाज मुळातच उद्यमशील आहे’. हे कारण नव्हे, कारण शोधायचा कंटाळा आहे. कोण कधी आला आणि येताना काय घेऊन आला, हे आधी मांडा. कच्छहून आलेला पोरगा नातेवाइकाच्या वखारीत राहतो, जेवतो, काम शिकतो, आणि काही वर्षांनी त्याच नातेवाइकाच्या उधारीवर पुढच्या तालुक्याच्या गावी स्वतःची वखार टाकतो. दगडकामाला निघालेलं कुटुंबही काम सुरू व्हायच्या आधी पैसे घेतं, मुकादमाकडून. त्याला उचल म्हणतात. दोन्ही पैसे आगाऊच, पण उधारीतून दुकान उभं राहतं आणि उचल फिटेपर्यंत माणूस त्याच मुकादमाला बांधलेला राहतो.

कागदांचंही तसंच. वडर समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) प्रवर्गात येतो, पण दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब राज्यात असल्याचा पुरावा लागतो. कामामागे फिरणाऱ्या, शाळेत नावच न घातलेल्या आजोबाचा पुरावा नातवाने कुठून आणायचा? सवलत आहे आणि तरी मिळालेली नाही, अशी घरं वेगळी मोजा, नाहीतर ‘आरक्षण असूनही प्रगती नाही’ हे वाक्य आपोआप लिहिलं जातं. व्यापारी घराला पुढे जायला या कागदाची गरजच पडली नव्हती.

म्हणून प्रश्नावलीत भांडवलाचा एकच रकाना न ठेवता तीन ठेवा: पहिले पैसे कुणी दिले, ते किती दिवसांत फेडले, आणि फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायची मुभा होती का.