पेनकिलर घेताय? मग या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर रोज तेच तेच बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. सोलापुरात अंगदुखीच्या गोळ्या खपतात त्याला कारण आहे, पूर्व भागात यंत्रमागावर दिवसभर उभी असणारी माणसं, मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका, आषाढीला पंढरपूरला चालत जाणारे, दुखणं कुणाचंच खोटं नाही. पण गोळी आत जाऊन काय करते हे न बघता स्ट्रिपच्या स्ट्रिपा संपवायच्या, इथं घोळ होतो.

थोडक्यात सांगतो. शरीरात कॉक्स नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करतं आणि त्यानं सूज येते, दुखणं वाढतं. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, नावं वेगळी पण सगळ्यांचं काम एकच, हे एन्झाइम दाबायचं. ॲस्पिरिन असंच काम करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं, १९८२ चं नोबेल त्यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. आता गंमत अशी की हेच एन्झाइम पोटाचं अस्तर सांभाळतं, किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतं, प्लेटलेट एकमेकींना चिकटवतं. गोळी रक्तातून सगळीकडं जाते, फक्त गुडघ्यात थांबत नाही.

"इंजेक्शन घेतलंय की ओ, पोटात कुठं गेलंय ते?"

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. गोळीनं ॲसिडिटी होते म्हणून डायक्लोचं इंजेक्शन घ्यायचं आणि पोट वाचलं समजायचं. पोटाला त्रास गोळी तिथं घासल्यानं होतो तो थोडा, खरा त्रास रक्तातून पोहोचलेल्या औषधानं तिथलं कॉक्स-१, म्हणजे या एन्झाइमचा पोट सांभाळणारा प्रकार, बंद पडतं त्याचा. मग अस्तरावरचा चिकट थर पातळ होतो आणि आपलंच ॲसिड आपल्याला खातं. इंजेक्शन घ्या, सपोझिटरी (शौचाच्या जागी ठेवायची गोळी) घ्या, आतड्यात विरघळणारी कोटिंगवाली गोळी घ्या, रक्तात गेलं की तेच. जेवून गोळी घेतली तर जळजळ कमी वाटते, चांगलंय, तसंच करा, पण त्यानं अल्सर टळला असं होत नाही. साठीच्या पुढचा माणूस किंवा आधी अल्सर झालेला असेल तर मी डॉक्टरला विचारल्याशिवाय स्ट्रिप हातात देत नाही, मग गिऱ्हाईक तोंड वाकडं करून पलीकडच्या दुकानात गेलं तरी चालेल. एकाच सांध्याचं दुखणं असेल तर जेल लावा म्हणतो, त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं. पण जेलला धीर लागतो आणि लोकांना संध्याकाळपर्यंत बरं व्हायचं असतं.

मे महिना, बीपीची गोळी आणि पेनकिलर

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. मे महिन्यातली गोष्ट, पारा त्रेचाळीसच्या वर, यंत्रमागावर काम करणारे एक मामा आले आणि म्हणाले, पाय सुजलेत, सुजेची गोळी द्या. मी खाली वाकून नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. पिशवी उघडायला लावली. त्यात बीपीची गोळी, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली, म्हणजे लघवी वाढवणारं औषध आलंच. शिवाय कंबरेसाठी भाच्यानं मोबाइलवर बघून आणलेली डायक्लोफिनॅक, आणि घरातली जुनी ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल, दोन्ही चालू. लघवी होती का नीट, तर म्हणाले, "कमीच होतीय, ऊन आहे ना." सुजेची गोळी दिली नाही, त्याच दुपारी डॉक्टरकडं पाठवलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते, साडेतीनच्या पुढं निघालं. पेनकिलर बंद, बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली, सलाइन, ॲडमिट. डायलिसिसची वेळ आली नाही एवढंच, घरचे मात्र पार हबकले होते.

झालं काय? अंगातलं पाणी कमी झालं की किडनी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवते. पेनकिलरनं ते बंद केलं, वाहिनी आवळली. टेल्मिसार्टननं बाहेर जाणारी वाहिनी सैल केली. लघवीच्या औषधानं आणि उन्हानं पाणी आणखी घटवलं. तिन्हीकडून दाब गेला तर किडनी गाळणार कशानं? याच डायक्लोफिनॅकनं आपल्या देशातली गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या. आणि आपण तेच चॉकलेटसारखं घेतो.

माझी सवय सांगतो, पेनकिलर मागितली की आधी तीन प्रश्न, बीपीची चालू आहे का, हार्टची आहे का, लघवी कशी आहे. आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, नावं आठवत बसू नका. दुकानात नवीन लागलेल्या डी. फार्म. पोरांना हेच कंटाळवाणं वाटतं, त्यांना बिल पटापट फाडायचं असतं.

इकोस्प्रिनच्या आधी कॉम्बिफ्लॅम

अँजिओप्लास्टी झालेल्यांनी हे नीट वाचा. इकोस्प्रिन म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली ॲस्पिरिन, आणि कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असते. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एन्झाइम कायमचं बाद करते, आणि प्लेटलेटला न्यूक्लियस नसतो त्यामुळं ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, जगते तेवढे सात-दहा दिवस तशीच. आयब्युप्रोफेन मात्र तात्पुरती बसते. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं, आयब्युप्रोफेन आधी जाऊन बसली तर नंतर आलेल्या ॲस्पिरिनला जागाच मिळत नाही, आणि ॲस्पिरिन रक्तात टिकते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. रुमाल उचलेपर्यंत ती निघून गेलेली. म्हणजे इकोस्प्रिन रोज घेताय पण तिचं काम होत नाहीये. साधी ॲस्पिरिन असेल तर ती आधी, आयब्युप्रोफेन निदान अर्ध्या तासानं, किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर आठ तास जाऊ द्या. कोटिंगवाली असेल तर हे गणितही धड बसत नाही, म्हणून हार्टच्या पेशंटनं आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊच नये हे माझं मत, डॉक्टरला दुसरं काही विचारा.

आता बाकीच्या पटापट.

दोन पेनकिलर एकत्र घेतल्या म्हणून दुप्पट आराम मिळत नाही, त्रास मात्र वाढतो. एन्झाइम तेच आहे हो.

सेराशिओपेप्टिडेज असलेली गोळी "जास्त पॉवरची" नाही. ते स्वतःच एन्झाइम आहे, जिवाणूपासून काढलेलं, कॉक्सशी संबंध नाही. जपानच्या मूळ कंपनीनंच २०११ मध्ये उपयोग सिद्ध होईना म्हणून ते मागं घेतलं. आपल्याकडं अजून जोरात चालतंय, मी तरी स्वतःच्या घरात देत नाही.

एटोरिकॉक्सिब "पोटाला सेफ" म्हणून मागणाऱ्यांनो, कॉक्स-२ वरच, म्हणजे एन्झाइमच्या सूज आणणाऱ्या प्रकारावरच, जास्त चालणारी अशी औषधं पोटाला थोडी बरी, हृदयाला नाहीत. याच घरातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये जगभरातून काढून घ्यावं लागलं.

पुडीत बांधून मिळणारी बारीक गोळी बहुतेक वेळा स्टिरॉइड निघते. ती कॉक्सच्याही वरच्या पायरीला अडवते म्हणून जादू वाटते. पेनकिलरबरोबर घेतली तर अल्सरचा धोका कैक पटीनं वाढतो, आणि बरेच आठवडे घेतली असेल तर एकदम बंदही करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. "थोडीशीच देतो" म्हणू नका.

ताप आहे आणि डेंग्यूचा संशय आहे तर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लो काहीच नको, रक्तस्राव वाढतो. फक्त पॅरासिटामॉल. आणि पॅरासिटामॉल मोजून घ्या, कॉम्बिफ्लॅममध्ये ३२५ मिलीग्रॅम असतंच, वर ६५० ची डोलो चालू असेल तर बेरीज करा. धडधाकट मोठ्या माणसानंही चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि रोज पिणाऱ्यानं तर किती घ्यायची ते आधी डॉक्टरला विचारायचं.