क्लिप लावूनही टाय लोंबतोय? या चुका टाळा

गेली एकोणीस वर्षं मी औषधांच्या लाइनमध्ये आहे. आधी एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीच्या औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी; आता नव्या मुलांना हाताशी घेऊन फिरतो. जॉइंट वर्किंगला, म्हणजे दोघांनी मिळून डॉक्टरांकडे फिरायच्या दिवशी, सकाळी साडेनऊला मुलगा स्टँडवर भेटतो तेव्हा टाय ताठ असतो, त्यावर चकचकीत क्लिप असते. बाराच्या सुमाराला तोच टाय डाव्या खिशावर सरकलेला असतो आणि गाठ दुसऱ्या बटणापर्यंत खाली आलेली असते. मग रसवंतीवर बसल्यावर हमखास प्रश्न येतो, "सर, चांगली क्लिप कुठली घेऊ?"

क्लिपचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. टायला जागेवर धरून ठेवतात कॉलर, गाठ आणि मागचं छोटं टोक. ही तीन ठिकाणं चुकली असतील तर क्लिप कितीही भारी घ्या, काही उपयोग नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावात कुणाच्याच घरी टाय नव्हता. मी पाहिलेला पहिला टाय चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचा. शाळेत जाता-येता रोज दिसायचा. त्यामुळे असेल, पण टायचं मला कधी ओझं वाटलं नाही, आणि तो वाकडातिकडा लोंबताना दिसला की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

क्लिप फक्त टायलाच लावणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. मुलं टायचं रुंद टोक आणि मागचं छोटं टोक एकत्र धरतात, त्यावर क्लिप सरकवतात आणि झालं समजतात. शर्ट मोकळाच राहतो. अशी क्लिप टायला धरत नाही, उलट त्याचं वजन वाढवते. माणूस वाकला की टाय लंबकासारखा पुढे येतो.

बार्शीत हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मे महिना, ओपीडी संपत आलेली. डॉक्टर एका माणसाचं फिटनेस सर्टिफिकेट लिहून शिक्का मारत होते, शिक्क्याचा पॅड टेबलावर उघडाच होता. बरोबरचा मुलगा व्हिज्युअल एड, म्हणजे औषधांची सचित्र माहितीपुस्तिका, उघडून पुढे वाकला. टायचं टोक थेट पॅडवर टेकलं. त्याच्या लक्षातच आलं नाही. पान उलटायला तो जरा बाजूला झाला आणि टाय सर्टिफिकेटवरून जांभळा फराटा ओढत गेला. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी कागद फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. तो माणूस नोकरीवर रुजू व्हायला निघाला होता, त्याची अकराची एसटी गेली. आम्ही दोघं बाकावर त्याच्या शेजारी बसून राहिलो. मुलाच्या मांडीवर तो जांभळा टाय होता आणि त्याला मान वर करवत नव्हती. पुढे दोन महिने त्या दवाखान्यात जायची पाळी आली की तो टाळाटाळ करायचा. कामात हुशार मुलगा, पण एका क्लिपने त्याचा धीर खचला.

क्लिपने तीन गोष्टी एकत्र धरायच्या: रुंद टोक, छोटं टोक आणि त्यांच्या मागची शर्टाची बटणपट्टी. जागा तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये. त्याहून वर लावली तर खालचा सगळा भाग मोकळा लोंबतो, खाली लावली तर काही धरलंच जात नाही. क्लिप टायच्या रुंदीपेक्षा मोठी नको, साधारण पाऊण रुंदीची बरी. लावून झाली की क्लिपच्या वरचा टाय अर्धा इंच वर ओढून थोडा सैल सोडा. नाहीतर मान वळवली की शर्टच ओढला जातो. मग आरशासमोर उभं राहून, आजीच्या पाया पडताना वाकतो तेवढं वाका. टाय शर्टाबरोबर राहिला पाहिजे. ही परीक्षा मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी करायला लावतो.

मी स्वतः क्लिप क्वचितच लावतो. सोलापुरात शिंप्याकडून तीन-साडेतीन इंचाची पांढरी सुती पट्टी शिवून घेतली आहे, तिच्या दोन्ही टोकांना काज केलं आहे. टायच्या मागे छोटं टोक ओवायला लूप असतं, त्यातून ही पट्टी घालतो आणि तिची दोन टोकं शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाला अडकवतो. बाहेरून काही दिसत नाही आणि टाय छाती सोडत नाही. अशा दोन पट्ट्या कायम बॅगेत असतात. फक्त त्या लूपचे टाके आधी तपासा. स्वस्त टायला ते नुसते टेकवलेले असतात, दोन्ही बाजूंनी चार-चार टाके घरीच घालून घ्या.

कॉलरचं बटण उघडं ठेवणं

"गाठीमागे कुठं दिसतंय?" असं मुलं म्हणतात. दिसतं. बटण उघडं असलं की कॉलरची दोन टोकं फाकतात, गाठ त्या फटीत खाली बसते आणि तिथून डावीकडे किंवा उजवीकडे घसरते. दिवसभर गाठ वर ओढत बसणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांचं मूळ दुखणं हे असतं.

बटण लावलं की गुदमरतं, ही तक्रार मात्र खरी आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूर-लातूरकडे पारा चाळीसच्या वर जातो, मीही त्याच उन्हात फिरतो. पण त्यासाठी बटण उघडं ठेवायचं नाही, शर्ट मापाचा घ्यायचा. बटण लावल्यावर आत एक बोट आरामात फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर शिंप्याकडून ते बटण पाव इंच सरकवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या प्रत्येक नव्या शर्टाचं वरचं बटण घालायच्या आधीच सरकवलेलं असतं.

मोठी गाठ म्हणजे पक्की गाठ, हा समज

केंब्रिजच्या दोन शास्त्रज्ञांनी, थॉमस फिंक आणि योंग माओ यांनी, १९९९ मध्ये गणिताने मोजून दाखवलं की नेहमीचा टाय बांधायच्या ८५ पद्धती होतात. मुलं व्हिडिओ पाहून त्यातली सगळ्यात अवघड निवडतात. कंपनीतून मिळालेल्या पॉलिस्टरच्या गुळगुळीत टायला पूर्ण विंडसर ही जास्त वेढ्यांची गाठ बांधली की ती मुठीएवढी होते, कॉलरमध्ये मावत नाही आणि स्वतःच्या वजनाने खाली येते. सुरुवात फोर-इन-हँड या साध्या गाठीने करा. लहान गाठ, वेढे कमी, आवळली की बसून राहते. ती किंचित एका बाजूला झुकते, तो तिचा स्वभाव आहे. दोन्ही बाजूंनी अगदी सारखी हवी असेल तर हाफ विंडसर, पूर्ण विंडसरपेक्षा लहान गाठ.

आवळताना गाठीच्या खाली बोटाने मधोमध दाबून खळी पाडा. खळी शोभेसाठी असते असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तिथे कापड दुमडून एकमेकांवर घट्ट बसतं, म्हणून गाठ सैल होत नाही. आणि गाठ वर सरकवताना छोटं टोक एका हाताने खाली ताणून धरा. नुसती गाठ वर ढकलणाऱ्याची गाठ तासाभरात पुन्हा खाली येते.

लांबी उभं राहून बघा. रुंद टोक बेल्टच्या बक्कलला टेकलं पाहिजे. पोट पुढे असेल तर पोटावरून मोजा. छोटं टोक लूपमध्ये गेलंच पाहिजे, एवढं ते लांब हवं. पोहोचत नसेल तर टाय सोडून पुन्हा बांधा. तेवढ्यासाठी कोण सोडतं, असं म्हणणारेच दुपारी मागचं टोक बाहेर काढून फिरतात.

मागचा सुटा दोरा कापणं

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि पहिल्या पगाराच्या टायवर. नवी पेठेतून घेतलेला, गडद निळा, खरा रेशमी. उलटा करून पाहिला तर टोकाजवळ दोऱ्याचा एक बारीक फास बाहेर आलेला. मला वाटलं शिलाईचा राहिलेला दोरा. कात्रीने कापला, वर उरलेला ओढून काढला. आठवड्याभरात टाय पीळ धरू लागला. गाठ सरळ बांधली तरी खालचा भाग फिरून कडेवर उभा राहायचा. महिन्याभरात मागची शिवण मधोमध उघडली आणि आतलं अस्तर दिसायला लागलं.

शिंप्याकडे नेला. त्यांनी टाय टेबलावर पसरला आणि मला कापडाची वीण दाखवली. टायचं कापड सरळ नाही, उरेब कापलेलं असतं, आडव्या-उभ्या धाग्यांना तिरकं. म्हणून ते ताणतं आणि पुन्हा पूर्ववत होतं. ही पद्धत न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२० च्या दशकात काढली, तीन तुकडे उरेब कापून जोडायची. पण उरेब कापड ताणलं की मागची शिवणही ताणली गेली पाहिजे. त्यासाठी पाठीमागून एकच लांब दोरा सैल टाक्यांनी वरपासून खालपर्यंत घातलेला असतो, आणि त्याचा थोडा भाग टोकाशी मुद्दाम मोकळा ठेवतात. टाय ओढला की तिथून दोरा पुरवला जातो. मी तोच कापून फेकला होता.

त्यांनी तो पुन्हा शिवून दिला, पण टाय आधीसारखा पडला नाही. तेव्हापासून कुणाच्या हातात नवा टाय आणि कात्री एकत्र दिसली की मी आधी कात्री काढून घेतो. कापड उरेब असतं म्हणूनच टाय पाण्यात घालून पिळायचा नाही आणि त्यावर इस्त्री दाबून फिरवायची नाही. डाग पडला तर ड्रायक्लीन. चुरगळला असेल तर अंघोळीच्या वेळी न्हाणीघरात टांगा, वाफेने बराचसा सरळ होतो.

बाइक आणि बॅग

बाइकवर टाय खांद्यावरून मागे टाकणं हा उपाय नाही. पहिल्या गतिरोधकाला तो पुढे येतो आणि धूळ खातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामधून टोक शर्टाच्या आत सरकवा, उतरल्यावर काढा. एक्स-स्टेशनला, म्हणजे बाहेरगावच्या दौऱ्याला, लांब जायचं असेल तर मी टाय गुंडाळून बॅगेतच ठेवतो आणि पोचल्यावर बांधतो. माझा टाय दीड मिनिटात बांधून होतो, सरावाने तुमचाही होईल.

बॅगेचा पट्टा छातीवरून तिरका घेतला की तो प्रत्येक पावलाला कॉलर एका बाजूला ओढतो. गाठ कायम एकाच बाजूला जाते अशी तक्रार असेल तर आधी पट्टा बघा. केबिनमध्ये शिरायच्या आधी बॅग हातात घ्या. गळ्यातलं ओळखपत्रही टायवर लोंबू देऊ नका, खिशाला लावा.

थोडक्यात सांगण्यासारखं

सेफ्टी पिन आतून लावू नका, रेशमाला भोक पडतं आणि वाढत जातं. टोचायच्या टायपिनचंही तेच, ती फक्त जाड विणीच्या टायला.

दुहेरी चिकटपट्टी घामाने सुटते आणि डिंकाचा डाग ठेवते.

मीटिंगच्या आधी टाय शर्टाला स्टेपल करणारी मुलंही मी पाहिली आहेत. कृपया नको.

तयार गाठीचा, इलॅस्टिकचा टाय ज्यांना सुरक्षेसाठी लागतो त्यांनी जरूर घालावा. सुरक्षारक्षक किंवा यंत्राजवळ काम करणारे यांचा टाय कुणी किंवा कशाने ओढला तर तो सुटून यायलाच हवा. पण बांधायचा कंटाळा म्हणून घालत असाल तर मला ते पटत नाही. दहा दिवस रोज सकाळी बांधलात की हात आपोआप चालतो.

दवाखान्यात फिरणाऱ्यांसाठी आणखी एक. न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर आणि इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे मिळून ४२ टाय तपासले तेव्हा जवळपास निम्म्यांवर रोगजंतू सापडले होते, हे निष्कर्ष २००४ मध्ये मांडले गेले. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये डॉक्टरांनी रुग्ण तपासताना टाय घालू नये असं सुचवलं. आपण रुग्णाला हात लावत नाही, पण वॉर्डातून जाताना टाय पलंगावर घासू नये एवढं आपल्या हातात आहे.

चुंबकाच्या क्लिपा हल्ली मिळतात, कापडाला भोक पडत नाही म्हणून लोकप्रिय आहेत. पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्या वापरू नयेत, चुंबक छातीजवळ नेणंच नको. हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाताना मी तर कुठल्याच मुलाला ती लावू देत नाही, वेटिंगमध्ये शेजारी कोण बसेल हे सांगता येत नाही.

रात्री गाठ तशीच ठेवणं

सकाळचे दोन मिनिटं वाचावेत म्हणून मुलं टाय सैल करून डोक्यावरून काढतात आणि लॉजच्या खिळ्याला अडकवतात. चार दिवसांत गाठीच्या जागी कायमची घडी पडते, पाचव्या दिवशी गाठ त्याच घडीवर घसरू लागते. टाय जसा बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडायचा. छोटं टोक ओढून गाठीतून उपसायचं नाही. मग छोट्या टोकाकडून सैल गुंडाळी करून सकाळपर्यंत ठेवायचा. आउटस्टेशनला मी ती गुंडाळी स्टीलच्या पेल्यात ठेवतो आणि पेला टेबलावर, पाण्याच्या जगपासून लांब.