परसबागेतली पिओनी: निवड, लागवड आणि जागा बदलणं

मिशिगनमधलं हे घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणालगत पिओनी या थंड प्रदेशातल्या फुलझाडाचं एक जुनं झुडूप होतं. वसंतात मातीतून लालसर कोंब वर यायचे, पानं दाट व्हायची, झुडूप कमरेला लागायचं. फूल मात्र एकही नाही. दोन वर्षं हेच चाललं. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये माझे सासरे वाळव्याहून सहा महिन्यांसाठी आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सगळा जन्म उसाच्या शेतीत गेलेला माणूस. त्यांनी झुडपाच्या बुडाशी बोट खुपसलं, तर ते अख्खं आत गेलं. "अगं, बेणं एवढं खोल गाडल्यावर डोळा वर येणार कसा? सगळा जोर नुसता वर यायलाच जातोय बघ." दरवर्षी कुणीतरी वर लाकडाच्या भुशाचा थर ओतत गेलं होतं. तो चार-पाच इंच झाला होता. आम्ही दोघांनी तो हाताने उकरून काढला. पुढच्या जूनमध्ये नऊ फुलं आली.

तेव्हापासून पिओनीबद्दल कुणी विचारलं की मी आधी डोळ्यांचंच सांगते. उसाच्या टिपरीला असतो, बटाट्याला असतो, तसाच पिओनीच्या गड्ड्यालाही डोळा असतो. गुलाबी-लाल, टोकदार, करंगळीच्या नखाएवढा. पुढच्या वर्षीचा कोंब आणि फूल त्यातूनच येतं. पिओनीची निवड, लागवड आणि हलवाहलव ही तिन्ही कामं या डोळ्यांभोवतीच फिरतात.

आधी हवामान बघा

पिओनीला थंडी चालते एवढंच नाही, तिला ती लागतेच. हिवाळ्यात निदान सहा आठवडे पारा ४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली राहिला नाही, तर डोळे नीट जागे होत नाहीत. अमेरिकेचा उत्तर आणि मध्य भाग, कॅनडा, इंग्लंड, जर्मनी इथे ती आनंदाने वाढते. इंडियानाचं तर १९५७ पासून ते राज्यफूलच आहे. भारतात काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरांत पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांची एक हिमालयी पिओनी रानातच उगवते.

पुण्या-नाशकातल्या वाचकांना मात्र मनापासून सांगते, ऑनलाइन फोटो बघून पिओनीचे कंद किंवा बिया मागवू नका. पुण्याची डिसेंबरातली थंडी आपल्याला बोचते, पिओनीला ती पुरत नाही. अमेरिकेतून भारतात जाताना बॅगेत गड्डे नेण्याचा विचारही नको. आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसेल, तर वनस्पती भारतात नेता येत नाहीत, आणि हा नियम आपल्या शेतीच्याच भल्यासाठी आहे.

कोणती घ्यावी

घरच्या बागेसाठी तीन प्रकार आहेत. हिवाळ्यात जमिनीलगत पूर्ण मरून वसंतात पुन्हा फुटते ती साधी पिओनी. हिवाळ्यात जिच्या काटक्या उभ्या राहतात ती वृक्ष-पिओनी. आणि या दोघींच्या संकरातून आलेली इतो पिओनी. जपानच्या तोइची इतो यांनी १९४८ मध्ये हा संकर साधला, पण त्या रोपांना फुलं येण्याआधीच, १९५६ मध्ये, ते गेले. आज बागांतून इतो प्रकारातली पिवळीधमक 'बार्टझेला' दिसली की मला त्यांची आठवण येते. पहिल्यांदाच लावणार असाल तर साधी पिओनी घ्या. ती स्वस्त, काटक आणि हलवायला सोपी.

नर्सरीत आधी रंग बघितला जातो. मी म्हणेन, आधी पाकळ्या बघा. भरगच्च दुहेरी फूल फोटोत सुंदर दिसतं, पण जूनच्या एका जोरदार पावसात त्यात पाणी भरतं आणि ते तोंडावर चिखलात पडतं. 'सारा बर्नहार्ट' ही १९०६ मधली फिकट गुलाबी जात अशीच. मला ती फार आवडते, पण आधाराशिवाय ती उभी राहत नाही. आधाराची कटकट नको असेल तर एकेरी फुलांची जात बरी. उदाहरणार्थ १९२८ ची 'क्रिंकल्ड व्हाइट'. चुणीदार पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळा केसरांचा झुबका.

मोगरा-निशिगंधात वाढलेल्या आपल्या लोकांना वास हवाच असतो, आणि सगळ्या पिओनींना वास नसतो. वासासाठी 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' घ्या. ही १८५१ ची जात. पांढऱ्या पाकळ्यांवर मध्येच कुंकवाचे शिंतोडे उडावेत तसे लाल ठिपके. किंवा १८५६ ची 'डचेस द नेमूर'. दीडशेहून अधिक वर्षं बागांत टिकून राहिलेल्या जातींवर माझा जास्त विश्वास आहे. याउलट 'कोरल चार्म'ला वास जवळपास नाही, पण तिचं फूल पोवळ्याच्या रंगात उमलतं आणि चार दिवसांत फिकट होत होत सायीच्या रंगावर येतं. दारासमोर लावायला तिच्यासारखी दुसरी नाही.

शक्य असेल तर फुललेली बाग बघून मग ठरवा. अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या निकोल्स आर्बोरेटम या वृक्षोद्यानात जुन्या जातींची मोठी बाग आहे. डॉ. अपजॉन यांनी दिलेल्या झाडांपासून तिची सुरुवात झाली आणि १९२७ पासून ती लोकांसाठी खुली आहे. मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात जा, सोबत वही न्या आणि आवडलेल्या झाडाच्या पाटीवरचं नाव उतरवून घ्या.

विकत घेताना शक्यतो शरद ऋतूत मिळणारा, माती नसलेला मोकळा गड्डा घ्या. त्याला तीन ते पाच डोळे असावेत. मूळ दाबल्यावर घट्ट लागलं पाहिजे, मऊ किंवा बुरशी धरलेलं नको. वसंतात कुंडीतलं रोपही मिळतं. ते मातीच्या गोळ्यासकट लावता येतं, फक्त कुंडीतच डोळे खोल गेलेत का ते बोटाने चाचपून बघा.

जागा

इथे घाई करू नका. पिओनी एका जागी पन्नास वर्षं राहू शकते. ओसाड पडलेल्या शेतघरांच्या अंगणातही ती फुललेली दिसते. तिला दिवसाला सहा तास तरी ऊन हवं, आणि बर्फ वितळल्यावर पाणी साचणार नाही अशी जागा. मेपलसारख्या मोठ्या झाडाजवळ नको, त्याची मुळं सगळं ओढून घेतात. दोन पिओनींमध्ये तीन ते चार फूट अंतर ठेवा. छोटे गड्डे लावताना ते अंतर फार वाटतं, पण काही वर्षांत ते सगळं भरून जातं. आणि जिथून जुनी पिओनी काढली त्याच खड्ड्यात नवी लावू नका. लावायचीच असेल तर आधी माती बदला.

लागवड

अनंत चतुर्दशी झाली की मी फावडं बाहेर काढते आणि दसऱ्याच्या आसपास हात धुते. म्हणजे आमच्याकडे मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. जमीन गोठायच्या आधी मुळांना निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत, या हिशेबाने तुमच्या गावची वेळ ठरवा.

दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत दोन पाट्या चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत मिसळा. ताजं शेण अजिबात नको, त्याने मुळं कुजतात. चिकणमाती असेल तर कंपोस्टचं प्रमाण वाढवा. मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) तळाशी मिसळलं तर चालतं. अर्ध्याहून जास्त खड्डा याच मातीने भरून पायाने हलकं दाबा आणि मध्ये उंचवटा करा. हे दाबणं विसरू नका. मोकळी माती हिवाळ्यात खचते आणि तिच्याबरोबर गड्डाही खाली जातो.

गड्डा उंचवट्यावर ठेवून मुळं खाली पसरवा, डोळे आभाळाकडे. आता खड्ड्याच्या काठावर एक काठी आडवी ठेवा. काठीपासून डोळ्यांचं टोक किती खाली आहे ते बोटाने मोजा. आपल्या तर्जनीची दोन पेरं, म्हणजे साधारण दोन इंच. त्याहून खोल नको. थंडी सौम्य असलेल्या भागात एक पेरच पुरे. मग माती लोटा, भरपूर पाणी द्या आणि माती बसली की पुन्हा एकदा बोट घालून बघा.

वृक्ष-पिओनीला हा नियम लागू नाही. ती बहुधा कलमाची असते आणि कलमाचा जोड चार ते सहा इंच मातीखाली गेला पाहिजे, म्हणजे वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटतात.

पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठल्यावर वर गवताचा पातळ थर टाका. गोठण्या-वितळण्याच्या खेळात नवा गड्डा उचलून वर येऊ नये म्हणून. मार्च-एप्रिलमध्ये तो थर आठवणीने काढा.

फुलायला लागणारी वर्षं

पहिल्या वसंतात दोन-तीन काड्या येतील. दुसऱ्या वर्षी एखादं फूल. खरी बहार तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पहिल्या वर्षी कळी आलीच तर मी ती खुडते, जोर मुळांकडे जातो. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा खोलवर पाणी घाला. लॉनचं नत्राचं खत तिच्यापर्यंत पोचू देऊ नका, नाहीतर नुसता पाला वाढतो. भरगच्च फुलांच्या जातींना मेच्या सुरुवातीला, कोंब फूटभर झाले की, तारेचं गोल कडं लावा. उशीर केला तर पानं मोडतात.

कळ्यांवर मुंग्या चढतात. चढू द्या. कळीच्या बाहेरून गोड रस पाझरतो, त्यासाठी त्या येतात. फूल त्यांच्यामुळे उमलत नाही आणि त्यांच्यामुळे बिघडतही नाही. औषध मारायची गरज नाही. कळ्या लहान असतानाच काळ्या पडून गळू लागल्या तर ती बुरशी असते. तो भाग कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. ऑक्टोबरात साध्या पिओनीचा सगळा पाला जमिनीलगत कापून उचलला की ही बुरशी पुढच्या वर्षी बरीच कमी होते.

जागा बदलायची असेल तर

वेळ तीच, सप्टेंबर-ऑक्टोबर. काड्या चार इंचांवर कापा. बुंध्यापासून फूटभर अंतर सोडून चहूबाजूंनी फावडं उतरवा आणि मग खालून उचका. मुळं रताळ्यासारखी जाड आणि ठिसूळ असतात, ओढलीत की कटकन तुटतात. पाइपने माती धुवा. आता लगेच सुरी चालवू नका. गड्डा दोन-तीन तास सावलीत पडू द्या, मुळं जराशी सुकून नरम होतात आणि मोडत नाहीत.

मग धारदार सुरीने असे तुकडे करा की प्रत्येकाला तीन ते पाच डोळे आणि तीन-चार चांगली मुळं राहतील. कुजका, पोकळ भाग कापून टाका. एक-दोन डोळ्यांचे तुकडेही जगतात, पण फुलायला फार वर्षं घेतात. इतोचा गड्डा लाकडासारखा असतो, त्याला छोटी करवत लागते. मोठं झुडूप न कापता सगळंच्या सगळं उचलून दुसरीकडे लावलं तर ते बरेचदा रुसतं. विभागून लावलेलं जास्त जोमाने उठतं.

घर विकलं आणि वसंतातच हलवावं लागलं तर तुकडे करू नका. मोठ्या मातीच्या गोळ्यासकट उचला, त्याच दिवशी लावा, पाणी तोडू नका. त्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नका, झुडूप वाचलं तरी पुष्कळ.

फुलं घरात आणताना

कळी दाबल्यावर मऊ लागली आणि रंग दिसू लागला की कापा, पूर्ण उमलायची वाट पाहू नका. काडीला निदान दोन पानं झाडावर राहू द्या. अशा कळ्या कोरड्याच वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये आडव्या ठेवल्या तर दोन-तीन आठवडे टिकतात. फक्त शेजारी सफरचंदं नकोत. बाहेर काढून टोक पुन्हा कापून कोमट पाण्यात ठेवल्या की दिवसभरात उमलतात.

कुंपणाजवळचं ते जुनं झुडूप मी गेल्या सप्टेंबरात खणलं. चार तुकडे झाले. दोन पुन्हा लावले, एक शेजारणीला दिला. चौथा एका मैत्रिणीच्या नव्या घरासाठी ओल्या कागदात गुंडाळला आणि पिशवीवर मार्करने लिहिलं: डोळे वर, दोन पेरं माती. अण्णांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी पहिलं विचारलं, "किती डोळ्यांचं बेणं दिलंस?" पाच, म्हटलं. "मग येईल," म्हणाले.