नुकसानभरपाईतून फायदा वजा करताना या चुका टाळा

समोरच्याने करार मोडला, आपलं नुकसान झालं, पण त्यानंतर आपल्या हाती कुठूनतरी पैसाही आला. असं घडलं की प्रतिवादी हमखास म्हणतो, तेवढी रक्कम भरपाईतून कापा. दरवेळी ती कापायची नसते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे करारभंगानंतर मिळालेला पैसा करारभंगामुळेच मिळाला असं धरून चालणं. ‘न्यू फ्लेमेंको’ या क्रूझ जहाजाचं प्रकरण इथे नीट वाचायला हवं. भाडेकरू कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये, मुदतीच्या दोन वर्षं आधी, जहाज परत केलं. मालकाने ते त्याच सुमारास सुमारे २.३८ कोटी डॉलरना विकलं. पुढे मंदी आली आणि मुदत संपली असती त्या नोव्हेंबर २००९ मध्ये जहाजाची किंमत ७० लाख डॉलरवर आली होती. लवादाने हा फरक मालकाचा फायदा म्हणून धरला, आणि भाड्याचा दावा त्यात पूर्ण बुडाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती वजावट नाकारली. बुडालं होतं दोन वर्षांचं भाडं. जहाज विकणं हा मालकाचा स्वतःच्या जोखमीवर घेतलेला व्यापारी निर्णय होता. उलट बाजूने तपासा: बाजार चढला असता, तर ‘जहाज स्वस्तात गेलं’ म्हणून मालकाला भाडेकरूकडून फरक मागता आला असता का? नाही. मग नफ्यावर तरी भाडेकरूचा हक्क कसा?

आता दुसऱ्या टोकाची चूक. नुकसान आवरण्यासाठी केलेल्या उपायातूनच बचत झाली, तर ती दाव्यातून लपवू नका. ‘ब्रिटिश वेस्टिंगहाउस’ने पुरवलेली टर्बाइन्स कमअस्सल निघाली, म्हणून लंडनच्या रेल्वे कंपनीने दुसरी बसवली. त्यांना कोळसा इतका कमी लागला की बचतीत नव्या यंत्रांचा खर्च निघून वर उरलं. १९१२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायपीठ) ती बचत हिशेबात धरायला लावली. आपल्याकडे भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ चं स्पष्टीकरणही, गैरसोय दूर करायला कोणते मार्ग हाताशी होते ते विचारात घ्या, असंच सांगतं. मात्र ती बचत मिळवायला जो खर्च आला, तो आधी बाजूला काढा. बरेच ताळेबंद इथेच गंडतात.

विम्याचं काय? माल बुडाला आणि विमा कंपनीने दावा चुकता केला, म्हणून वाहतूकदार सुटत नाही. हप्ता त्याने भरलेला नसतो. पण दोन्हीकडून पूर्ण रक्कम खिशात घालता येत नाही: पैसे दिलेल्या मर्यादेत वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे येतो. म्हणून दावा दाखल करण्याआधी या हक्काबद्दल विमा कंपनीला लिहून दिलेलं पत्र काढून वाचा.

एक सवय तर मोडायलाच हवी. आयुर्विम्याची रक्कम कापू नये असं सांगणारा, एसटी महामंडळाविरुद्धचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल व्यापारी वादात सरसकट जोडला जातो. तो मोटार वाहन कायद्यातल्या ‘न्याय्य’ भरपाईवर उभा आहे. करारभंगाच्या दाव्यात मांडणी कलम ७३ वरच करा.