कर्नल जिथे पडतो तिथे गुन्हेगार नसतो

रत्नागिरीत घरी बसून पहिलं नेटवर्किंगचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला जोडायचा कोडचा तुकडा, लिहिलं तेव्हा मला सी भाषा येत होती, टीसीपी-आयपी येत होतं. तरी एका ओळीपायी सतरा दिवस गेले. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

काम साधं होतं. नेटफिल्टरच्या हुकवर, म्हणजे कर्नल जाणारं पॅकेट आपल्या कोडला दाखवतो त्या जागी, टीसीपी हेडरमधला पोर्ट बघायचा आणि आयपी हेडरवर प्राधान्याची खूण करायची. एसएसएचने दूरून लॉगिन केलं तर नीट चालायचं, वर्दळ वाढली की पॅनिक, म्हणजे अख्खा कर्नलच कोसळायचा. स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे पडताना कोणती फंक्शनं चालू होती त्या यादीत, माझ्या मॉड्यूलचं नावही नसायचं. कधी मेमरी वाटपात पडायचा, कधी फाइल सिस्टिममध्ये. रॅमच खराब असेल म्हणून मी ती बदलली.

आता नीट वाचा. एसके-बफमधलं (कर्नल पॅकेट ज्या रचनेत ठेवतो ती) पॅकेट सलग असेलच असं नाही. काही बाइट वेगळ्या पानांवर असतात. म्हणून हेडर वाचण्याआधी ते सलग जागेत ओढून आणणारं पीएसकेबी-मे-पुल (pskb_may_pull) बोलवतात. बफरच्या शेवटाला जागा पुरली आणि तो दुसऱ्या कुणाशी सामायिक नसला तर सगळं ठीक. नाहीतर कर्नल नवा बफर घेतो, मजकूर तिकडे हलवतो, जुना सोडून देतो आणि 'झालं' म्हणून परततो. मी आयपी हेडरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मात्र त्याआधीच घेऊन ठेवला होता. होडी मिरकरवाड्याला नेऊन बांधली, आणि मी जुन्याच खुंट्याचा दोर ओढत होतो. तेवढ्यात ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळालेली असायची; मी तिथे खूण करायचो आणि मरायचा तो बिचारा, तेही नंतर. लिहिण्याआधी बोलवायचं एसकेबी-एन्शुअर-रायटेबलही असंच बफर हलवू शकतं. या दोन्हींनंतर आयपी-एचडीआर या फंक्शनने पॉइंटर नव्याने घ्या. प्रत्येक वेळी. आधीचा 'चालतोय' म्हणून ठेवू नका.

माझ्या पहिल्या मार्गदर्शकाने सांगितलं, "नल-चेक लाव (पॉइंटर रिकामा आहे का ते तपास), पुढे चल." हा सल्ला मला आजही चीड आणतो. तो पॉइंटर नल नव्हताच, शिळा होता! दुसऱ्या एका ताईने कीबोर्डला हातही न लावता विचारलं, "ती मेमरी मोकळी कोणी केली?" मार्गदर्शक असा शोधा.

या प्रश्नाचं उत्तर कासान (KASAN) हे कर्नलमधलं मेमरीच्या चुका पकडणारं साधन देतं. ते २०१५ पासून, ४.० आवृत्तीपासून लिनक्समध्ये आहे. ते चुकीचा स्पर्श कुठे झाला, जागा कोणी घेतली आणि कोणी सोडली, असे तिन्ही माग छापतं. कर्नल मंदावतो, मेमरीही जास्त खातो; चालवून घ्या. मॉड्यूल त्याच कर्नलसाठी पुन्हा बांधायला मात्र विसरू नका, नाहीतर तुमच्याच कोडची तपासणी होत नाही. मी ते विसरलो होतो आणि दोन रात्री अहवाल कोराच आला.

कर्नल पडताना मेमरीची प्रत जपून ठेवणारं केडंपही लावून ठेवा. पण जुलैत आमच्याकडे वीज जाते, माझी ती प्रत, व्हीएमकोर फाइल, दोनदा अर्धवट राहिली. म्हणून सगळं आभासी मशिनमध्ये नेलं आणि हेडर मुद्दाम तुकड्यांत येईल अशी पॅकेट पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पाचव्या मिनिटाला कासान ओरडलं. जागा सोडणाऱ्याच्या मागात नवा बफर घेणारं पीएसकेबी-एक्स्पांड-हेड होतं आणि त्याच्या खाली माझंच फंक्शन.

घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. कर्नलच्या मूळ कोडातही याच चुकीच्या दुरुस्त्या सापडतात. आज आपल्या मॉड्यूलमध्ये 'pull' शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या वरच्या दहा ओळी वाचा. माझी ओळ चौथी होती.